आजच्या दिवस मरू नको

हरिश्चंद्र परबाला मरायची सवय होती. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाला कसली ना कसली सवय लागतेच. कुणाला तंबाखू लागते, कुणाला पुढाऱ्यांच्या मागे फिरणं लागतं. हरिश्चंद्राला मरण लागलं. बाबली मेस्त्रींच्या दशावतारी नाट्यमंडळात तो सैनिक होता. सैनिक म्हणजे राजाच्या मागे भाला घेऊन उभा राहणारा, राजा बोलत असताना मान हलवणारा आणि युद्ध लागलं की पहिल्या झटक्यात आडवा होणारा इसम.

दशावतारात लिहून काही नसतं. मालक तोंडाला रंग लावता लावता कथा सांगतो आणि मग ज्याने त्याने आपापल्या तोंडाने बोलायचं. ज्याचं तोंड चांगलं चालतं तो राजा होतो. थोडं कमी चालतं आणि आवाज मोठा असतो तो राक्षस होतो. मिशी काढायची तयारी असेल तो राणी. यातलं काहीच नसेल तो सैनिक. हरिश्चंद्राने कौरवांच्या बाजूने मरून पाहिलं, पांडवांच्या बाजूने मरून पाहिलं, रामाच्या बाजूने वानर होऊन मरून पाहिलं. एकदा तर स्वयंवराच्या आख्यानात, जिथे युद्धच नव्हतं, तिथे पखवाज जोरात वाजला म्हणून तो सवयीने मेला. राजाने प्रसंग ओळखून ‘या पाहुण्यास उन्हाचा त्रास झाला’ असं जाहीर केलं आणि स्वयंवर पुढे चालू झालं.

त्याचं मरण चांगलं होतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. दुसरं कुणी ते मत मांडलं नव्हतं. पडताना डोकं प्रेक्षकांकडे आणि पाय पडद्याकडे यायला हवेत, म्हणजे आतल्या माणसाला पाय धरून ओढता येतं, हे त्याने अनुभवाने शोधून काढलं होतं. एरवी तो काजूच्या कारखान्यात बॉयलरवर असायचा. म्हणजे पोटासाठी काजू उकडायचे आणि कलेसाठी मरायचं. लग्नाच्या बाजारात या दोन्ही गोष्टींना सारखाच भाव होता. मुली बघायला गेलं की मुलींचे बाप आधी मुंबईत खोली आहे का विचारत आणि मग चहात साखर कमी घालत.

त्याचं लग्न जमवण्याचं काम मथुराकाकीकडे होतं. काकीने अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली होती. हरिश्चंद्र हा तिच्या दुकानातला न खपलेला माल होता आणि त्यामुळे दुकानाचं नाव जात होतं. शेवटी तिने जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, फोंडाघाटात स्थळ काढलं. मुलगी दीपिका, ओरोसला सरकारी कचेरीत कंत्राटावर कॉम्प्युटरवर बसणारी. बाप दत्ताराम, बाजारात छत्र्यांचं दुकान आणि डोक्यात दशावताराचं वेड. मुलगा दशावतारात आहे म्हटल्यावर त्याने मुंबईच्या खोलीचं विचारलंच नाही. फक्त म्हणाला, “घरात सगळेच झील बरे दिसतत. आमी तेका कामार बघतलंव.”

कुठल्या कामावर, असं काकीने विचारलं. “बॉयलर बघून काय करूचा? नाटक बघूया,” असं ठरलं.

नाटकाच्या दिवशी सकाळी काकीचा फोन आला.

“हरी, एक सांगूचा रवला रे.”

“काय गो काकी?”

“चेडवाची आवस म्हणता, आजच्या दिवस मरू नको.”

हरिश्चंद्र बॉयलरपाशी होता. वाफेमुळे नीट ऐकू आलं नसेल असं समजून तो बाहेर आला. तिथेही तेच ऐकू आलं.

“अगो, पण माझा कामच ता.”

“ता माका सांगा नको. तिचा म्हणणा बरोबर आसा. बघूच्या दिवशी झील डोळ्याफुडे मेलो, तर तेका पसंत कसो करतले? आपल्या चेडवाचा कुंकू कोण असा मेलेल्याक बांधतला?”

“मी नाटकात मरतंय काकी. मरून परत उठतंय. रोज.”

“तेच म्हणतंय मी. रोज मरतस, तर एक दिवस सुटी घे.”

एवढं बोलून तिने फोन ठेवला. मुलीच्या आईची मागणी हरिश्चंद्राला अवघड वाटली नाही. बाबलीमामाला सांगून आज द्वारपाल व्हायचं, दार धरून उभं राहायचं आणि जिवंत घरी यायचं. सगळं जग करतं तसं.

नाटक शिरोड्याच्या अलीकडच्या एका गावात होतं, देवळाच्या वर्धापनदिनाला, दुपारी चार वाजता. रात्री लाऊडस्पीकर बंद करावा लागतो आणि पाहुण्यांना परतीची गाडी असते, म्हणून हल्ली असे उन्हातले प्रयोग होतात. देवळामागच्या खोलीत बाबलीमामा कृष्णाचा निळा रंग लावत बसले होते. साठी उलटलेले, गुडघे गेलेले, पण तोंड पंचविशीतलं.

“मामानूं, आज खंयचा आख्यान?”

“यादवी.”

हरिश्चंद्र पेटाऱ्यावर बसला. यादवी म्हणजे यादवांचं आपसातलं युद्ध. भाऊ भावाला मारतो, चुलता पुतण्याला मारतो आणि शेवटी कुळात कुणी म्हणून उरत नाही. पुराणात सैनिकाने जिवंत राहायच्या जागा अनेक आहेत, त्यातली ही नव्हे.

“दुसरा काय तरी करूया.”

“गाववाल्यांनी मागितलेला आसा. बदलूचा कसा?”

गावाचंही खरं होतं. वरचीवाडी आणि खालचीवाडी या एकाच कुळातल्या दोन वाड्या. पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून त्यांनी नऊ वर्षं एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. लग्नात बोलावणं नाही, मयतीला जाणं नाही. यंदा समेट झाला आणि समेटानंतर दोन्ही वाड्यांनी एकमताने घेतलेला पहिला निर्णय म्हणजे यादवीचं आख्यान. समोरच्या वाडीला त्यातून चार गोष्टी कळाव्यात, असा दोघांचाही प्रामाणिक हेतू होता.

हरिश्चंद्राने काकीचा निरोप सांगितला. मामांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

“मी स्वतः मरतंय. माका व्याध मारता. देव मरता नि तू मरणंस नाय? तू खंयचो रे मोठो?”

“लग्नाचो प्रश्न आसा, मामानूं.”

“नि दुसरो सैनिक सिद्धेश येवचो नाय आज. मालवणात बोटीर पर्यटक आसत तेचे. सैनिक तू एकटोच.”

म्हणजे दोन्ही बाजूंचं सैन्य हरिश्चंद्रच होता. लाल फेटा बांधला की वृष्णी, पिवळा बांधला की भोज. एका बाजूने जाऊन मरायचं, पडद्यामागून धावत फेटा बदलायचा आणि दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा मरायचं. काकीने एक मरण चुकवायला सांगितलं होतं आणि इथे घाऊक ऑर्डर होती.

त्याचं तोंड बघून मामांना दया आली. लग्न न झालेल्या कलावंताचं मंडळात पुढे काय होतं ते त्यांना माहीत होतं. तो व्यवस्थापक होतो.

“बरा, मरा नको. जखमी हो. लंगडत आत जा.”

हरिश्चंद्र त्यांच्या पाया पडला. निळा रंग ओला होता. तो कपाळाला लागला.

चार वाजता रिवाजाप्रमाणे आधी गणपती झाला, संकासुर झाला आणि यादवी सुरू झाली. पडद्याच्या फटीतून त्याने पाहुण्यांना पाहिलं. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तिघं बसली होती. दत्ताराम गुडघ्यावर ताल धरून. त्याची बायको सीता मांडीवर छत्री आडवी धरून, आभाळात एक ढग नसताना. दुकानदाराची बायको. आणि मध्ये दीपिका, कागदातलं गुळाचं कडक खाजं खात. पहिल्या दृष्टिभेटीत हरिश्चंद्राने तिचे दात पाहिले. दात चांगले होते. खाजं मोडायला तसेच लागतात.

वृष्णींचा सात्यकी आणि भोजांचा कृतवर्मा यांचं भांडण लागलं. दोघेही जुने, बोलण्यात कसलेले. पाऊण तास त्यांनी एकमेकांचं कुळ काढलं. वरच्यावाडीने सात्यकीला टाळ्या दिल्या म्हणून खालच्यावाडीने कृतवर्म्याला दिल्या. सात्यकीने कृतवर्म्याला मारलं. मग भोजांनी सात्यकीला घेरलं. घेरणारे भोज म्हणजे एकटा हरिश्चंद्र, त्यामुळे त्याला सात्यकीभोवती गोल फिरावं लागलं. सात्यकी पडला. पखवाज चढला आणि युद्ध सुरू झालं.

हरिश्चंद्र लालमधून आला, हवेत भाला मारला, मांडी धरून ‘आई गे’ म्हणत डावीकडे लंगडत गेला. पिवळ्यातून आला, खांदा धरून उजवीकडे गेला. पुन्हा लाल, कोपर. पुन्हा पिवळा, घोटा. असे यादव येत राहिले आणि कण्हत कण्हत आत जात राहिले. आत जागा असती तर एव्हाना तिथे मोठा सरकारी दवाखाना झाला असता. सीताबाईंनी छत्रीवरची मूठ सैल केली, हे त्याने येता-जाता पाहिलं आणि त्याला हुरूप आला. दम मात्र संपत आला. एका खेपेला तर फेटा बदलायचं राहून गेलं आणि लालनेच लालवर हल्ला केला. पण यादवीत ते खपून गेलं.

मग कृष्ण पुढे आला. दोन्ही हात पसरून त्याने गंभीर आवाज लावला, “हाय दैवगती! अवघ्या यादवकुळाचा संहार जाहला!”

“खंय जाहला?” वरच्यावाडीतून एक म्हातारा ओरडला. “एक मराक नाय! सगळे लंगडत भितर गेले!”

“होय तर!” खालचीवाडी म्हणाली. आख्यान निवडल्यानंतर दोन्ही वाड्यांचं हे दुसरं एकमत होतं.

कृष्ण अडखळला. “ते... ते आत जाऊन वारले.”

“आमका दाखवक होया!”

आणि मग पहिल्या रांगेतून दत्ताराम उभा राहिला. हरिश्चंद्राने डोळे मिटले. दशावतार कळणारा सासरा मिळणं ही काय आपत्ती असते ते त्याला कळलं.

“यादवीत जखमी नसतत ओ!” दत्ताराम कळवळून म्हणाला. “गांधारीचो शाप आसा! कुळाचो नाश म्हणजे नाश! असा अर्धामुर्धा चलणां नाय!”

“बसा ओ तुमी,” सीताबाई त्याचा सदरा ओढत म्हणाल्या. “तेका जगांदे.”

“जगांदे कसो? उद्या कौरवांकय जखमी करशात!”

पब्लिकचा आवाज वाढला. मामांपुढे इलाज नव्हता. पुराणात याच जागी कृष्ण गवताची पाती उपटतो, त्यांची मुसळं होतात आणि उरलेले यादव तो स्वतः मारतो. मंडळात गवताच्या जागी माडाच्या पातीचे हीर वापरत, म्हणजे खराट्याच्या काड्या. मामांनी मूठभर हीर उचलले आणि पडद्याकडे पाहून गर्जना केली, “हे सैनिका, बाहेर ये!”

हरिश्चंद्र बाहेर आला. डोक्यावर लाल फेटा, हातात पिवळा. मामा हीर उगारून धावले. तो पळाला. सिंहासन म्हणून ठेवलेल्या बाकाभोवती एक फेरी झाली, दुसरी झाली. पखवाजवाल्याला वाटलं हे ठरलेलं आहे, त्याने लय वाढवली. तिसऱ्या फेरीला मामांचा गुडघा कचकला आणि ते बाकावर बसले. देवाने बसल्या बसल्या विचारलं, “तू अद्याप जिवंत कसा?”

हा प्रश्न होता, आणि दशावतारात प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं. हरिश्चंद्र रंगमंचावर आजवर ‘आज्ञा महाराज’ यापलीकडे बोलला नव्हता, आणि तेही राजा म्हणायला विसरला तरच.

“चूक झाली, देवा,” तो म्हणाला.

पब्लिक हसलं. त्याला आश्चर्य वाटलं. इतक्या वर्षांत लोक त्याला फक्त ओढून नेताना हसले होते.

“तू कोणाकडचा? वृष्णी की भोज?”

“दोन्ही, देवा. आधी मी लाल होतो. मग पलीकडे माणसं कमी पडली म्हणून पिवळा झालो. मग लाल संपले, म्हणून परत लाल. मघाशी तर मी स्वतःवरच धावून गेलो. आणि खोटं कशाला सांगू, मला कुणाचाच राग नव्हता.”

“मग लढलंस कित्याक?” मामांची शुद्ध भाषा गुडघ्याबरोबर गेली होती.

“पखवाज वाजलो म्हणान.”

मोठा हशा झाला. दोन्ही वाड्या हसल्या. मग दोन्ही वाड्यांचं हसणं साधारण एकाच वेळी कमी झालं. पालखीच्या भांडणात पुढे कोण होतं ते सगळ्यांना आठवत होतं. मागे कोण कशाला गेलं होतं ते कुणाला आठवेना. वरच्यावाडीच्या म्हाताऱ्याने उगाच खिशात काहीतरी शोधलं.

पण मामा उठत होते. हातात हीर होते. दत्ताराम अजून उभा होता. हरिश्चंद्राचं डोकं आयुष्यात पहिल्यांदाच तोंडाच्या पुढे धावलं.

“देवा, मला मारलंत तर हस्तिनापूरला निरोप कोण नेणार?”

मामा थांबले.

“अर्जुनाला कळवायला कुणीतरी हवं. द्वारकेत बायका-मुलं आहेत, त्यांना नेणार कोण? तुमचा सारथी दारुक जातो ना? तो मीच. सैन्यात माणसं कमी होती म्हणून आलो होतो.”

मग दत्तारामाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी वाजवली. “दारुक! शाबास रे झिला! दारुक कोण दाखवता आजकाल?” आणि तो समाधानाने बसला. बाकीच्यांना दारुक कोण ते माहीत नव्हतं, पण फोंडाघाटच्या पाहुण्याला पटलं म्हटल्यावर त्यांनाही पटलं.

“जा, दारुका, वायुवेगाने जा!” मामा सुटकेने म्हणाले. हरिश्चंद्र गेला. जिवंत, दोन पायांवर, न लंगडता. जाताना त्याने पाहिलं, सीताबाईंनी छत्री खुर्चीखाली ठेवली होती.

पडद्यामागे तो भिंतीला टेकला. लग्न डोळ्यांपुढे आलं. मांडव, बॅंजो, सोलकढी. तेवढ्यात पेटीवाला आत डोकावला.

“हरी, व्याध हो.”

“कोण?”

“व्याध. कृष्णाक बाण मारूक. सिद्धेश करी. तो खंय आसा?”

“कृतवर्म्याक सांग.”

“तो मेल्यार गेलो घराक. सात्यकी तेच्याच गाडयेर बसान गेलो.”

मेलेले लवकर घरी जातात, हा या धंद्यातला एकमेव फायदा होता आणि आज तो दुसऱ्यांना मिळाला होता. हरिश्चंद्राने विचार केला. अट मरायचं नाही, अशी होती. मारायचं नाही, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्याने तोंडाला काजळी फासली, फेटे दोन्ही सोडले आणि बांबूचं धनुष्य घेतलं. ओळखणार कोण?

बाकावर कृष्ण पाय वर घेऊन पहुडला होता. दुखरा पायच वर होता, त्यामुळे अभिनय फार करावा लागला नाही. व्याधाने दुरून नेम धरला आणि हीर सोडला. तो अंगठ्यालाच लागला. सिद्धेशचा कधी लागला नव्हता.

“अगो बाय माझे!” सीताबाईंचा आवाज सगळ्या मांडवात ऐकू गेला. “हेनाच मारल्यान! देवाक मारल्यान!”

“ओळखलंस कसा गो?” दत्ताराम.

“पाय बघा तेचे! मघासपासून लंगडताना तेच बघतंय मी!”

मामांनी हे सगळं ऐकलं. माणूस मनाने मोठा. मरता मरता त्यांनी हरिश्चंद्राचं लग्न वाचवायचं ठरवलं. “भिऊ नकोस, व्याधा,” ते पाहुण्यांकडे तोंड करून म्हणाले. “तुझा अपराध नाही. तू सुस्वभावी आहेस, निर्व्यसनी आहेस. मी तुला क्षमा करतो. जा, तू आत्ताच्या आत्ता सदेह स्वर्गास जा! तुझा संसार सुखाचा होवो!”

या दोन आशीर्वादांचा एकमेकांशी मेळ कसा घालायचा हे हरिश्चंद्राला कळलं नाही. तो हात जोडून उजवीकडे गेला. स्वर्गाच्या दिशेला चहाची टपरी होती.

प्रयोगानंतर तिथेच दोन्ही घरची माणसं भेटली. हरिश्चंद्राच्या हातात चहा, तोंडावर काजळी, कपाळावर निळा ठिपका. मथुराकाकीने सुरुवात केली, “देवान तेका क्षमा केल्यान ओ. सगळ्यांनी आयकला.”

“क्षमेचा माझा काय म्हणणा नाय,” सीताबाई म्हणाल्या. “पण फुडे काय म्हटल्यान? स्वर्गात जा. स्वर्गात गेलो म्हणजे मेलोच मा?”

काकी दत्तारामाकडे बघू लागली.

“सदेह गेलो गो,” दत्ताराम म्हणाला. “सदेह म्हणजे देहासकट. देह असता तेका मेलेलो म्हणणत नाय.”

“मगे स्वर्गातसून कोण परत इल्लो दाखवा.”

वरच्यावाडीचा म्हातारा चहा प्यायला आला होता. तो म्हणाला, बाईंचं बरोबर आहे, मेलो. तो तसं म्हणाला म्हणून खालच्यावाडीचे दोघे म्हणाले, नाही, जितो. दहा मिनिटांत टपरीपुढे दोन वाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या आणि समेट धोक्यात आला. मध्ये हरिश्चंद्र उभा होता. नेहमीप्रमाणे त्याला कुणी काही विचारत नव्हतं. दीपिका काकीच्या बाजूला उभी राहून खाज्याचा शेवटचा तुकडा खात होती आणि त्याच्याकडे, एखाद्या न उघडणाऱ्या फाईलकडे बघावं तशी बघत होती.

शेवटी असल्या वेळी गावात होतं तेच झालं. देवाला कौल लावायचं ठरलं. गुरवाने देवाच्या मूर्तीला दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी सगळी लेकरां हय जमली आसत. परबांचो झील हरिश्चंद्र तुझ्या फुडे उभो आसा. तो जितो आसात तर उजवी पाकळी दी, मेलो आसात तर डावी दी, आणि काय आसा ता एकदाचा दाखय रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले. हरिश्चंद्रही म्हणाला.

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. मग डावी पाकळी हलली, सुटली आणि खाली पडली.

“मेलो,” गुरव म्हणाला.

हरिश्चंद्राने हळूच मनगटावर बोट ठेवलं. ठोके होते. पण देवापुढे ते कुठे दाखवायचे?

काकीने डोळ्यांना पदर लावला. लग्न मोडलं होतं. दत्ताराम बायकोकडे बघायचं टाळत होता. सीताबाई मात्र विचार करत होत्या. नवऱ्याच्या दुकानात पावसाळाभर बसून त्यांना मोडलेल्या मालाचं काय करता येतं ते माहीत होतं.

“मेलो तर मेलो,” त्या शेवटी म्हणाल्या. “देवान सांगल्यार वाद नाय. मेलेल्याचा सुतक असता. तेचा धरा. तेराव्याक जेवण घाला. सुतकात बोलणी करूक येणत नाय, फिटल्यार करूक काय हरकत आसा?”

“पण तो मेलो म्हणतास मा?” काकी चाचरत म्हणाली.

“तेच मा? एकदा मेलेलो परत मरणां नाय. आता हो मरूचो नाय. चेडवाच्या कुंकवाची काळजी मिटली.”

यावर दोन्ही वाड्यांनी एकदमच माना हलवल्या. समेट टिकला.

हरिश्चंद्राने स्वतःचं सुतक धरलं. कारखान्यात रजा मागताना मुकादमाने विचारलं, “घरात कोण वारलां?” तो म्हणाला, “मी.” मुकादम म्हणाला, “तरी सोमवारी ये, काजू भिजत आसत.” आई दोन दिवस चिडली. मग शेजारणी भेटायला येऊ लागल्या तेव्हा तिलाही जरा रडावंसं वाटलं. हरिश्चंद्र ओटीवर चटईवर बसून स्वतःबद्दल ऐकायचा. लोक चांगलं बोलायचा खूप प्रयत्न करायचे. ‘कोणाक त्रास दिल्यान नाय,’ याच्या पुढे कुणाला काही सुचत नसे. बाबलीमामा आले, दुखरा गुडघा धरून चटईवर बसले आणि म्हणाले, “पडताना पाय बरोबर पडद्याकडे येयत तेचे. तसो परत मिळूचो नाय.” त्याच्या कलेवर झालेलं ते पहिलं मतप्रदर्शन. मग मामा काही न बोलता उठून गेले. सुतकाच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत. असं पुन्हा यायला लागू नये, म्हणून.

सुतक संपायच्या आधी फोंडाघाटची तिघंही रिवाजाप्रमाणे भेटायला आली. दत्ताराम खांबाला टेकला. सीताबाई आई आणि काकीजवळ बसल्या. दीपिका चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“आयकान वाईट वाटला,” दीपिका म्हणाली. “गेले ते तुमच्या जवळचे होते?”

“तसे जवळचेच,” हरिश्चंद्र म्हणाला.

“सवभावान कसे होते?”

“बरे होते. थोडे आळशी.”

“नाटकात काय करीत?”

“मरीत.”

“बरे मरीत?”

त्याने विचार केला. मेलेल्याबद्दल खोटं बोलायला नको. “पडाक बरे होते. बोलाक येय नाय. एकदाच बोलले, ता पण भिऊन.”

“ता मी आयकलंय,” ती म्हणाली. “कोणाचो राग नाय म्हणाले. माझ्या कचेरीत असो माणूस मिळणां नाय. थय सगळ्यांक सगळ्यांचो राग आसा.” मग जरा थांबून, “काय इच्छा रवली तेंची?”

आई, काकी, सीताबाई, तिघींनी एकदम वर पाहिलं. हरिश्चंद्राचं तोंड पुन्हा बंद पडलं. दारुक सुचला होता तसं काही सुचेल म्हणून तो वाट बघत राहिला. सुचलं नाही. त्याने फक्त मान हलवली, सैनिकासारखी.

दीपिकेने ती बघितली. “बरा,” म्हणाली.

दत्ताराम उठला, सीताबाई उठल्या, चपला पायांत घालून दोघं रीतीप्रमाणे मुकाट्याने अंगणात उतरली. दीपिका मागून निघाली. पायरीवर थांबली, वळली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “येतंय हां.”

“अगो!” अंगणातून सीताबाई ओरडल्या. “सुतकात असा म्हणणत नाय!”

“माका माहीत आसा आई,” दीपिका म्हणाली आणि छत्री उघडून चालू लागली.

मथुराकाकी तशीच उठली आणि मांडववाल्याला फोन लावायला आत गेली.